तापलेल्या ग्रहावर बर्फ असू शकतो का?

‘एलिट डेंजरस’ हा अवकाशप्रवासाचा संगणकीय खेळ २०१४ साली आला. केंब्रिजच्या फ्रंटिअर डेव्हलपमेंट्स या कंपनीने त्यात आपली आकाशगंगा तिच्या खऱ्या आकारमानात उभी केली आहे आणि तिच्यात सुमारे ४०० अब्ज ग्रहमाला आहेत. एवढे ग्रह माणसांनी एकेक करून रचणे शक्यच नाही. ते संगणक भौतिकशास्त्राचे नियम वापरून स्वतः घडवतो. या आकाशगंगेत भटकणाऱ्याला अधूनमधून एक चक्रावून टाकणारी नोंद दिसते. ग्रहाचा प्रकार ‘बर्फाळ’ लिहिलेला असतो, घटकांच्या यादीत बर्फाचा वाटा सर्वांत मोठा असतो आणि पृष्ठभागाचे तापमान मात्र शेकडो केल्विन, तेही पाणी उकळण्याच्या तापमानाच्या बरेच वर, दाखवलेले असते. बर्फ आणि भट्टी एकाच ठिकाणी कशी नांदेल? ही गणिताची चूक आहे, असे वाटणे साहजिक आहे. पण तसा निकाल देण्याआधी या नोंदीची नीट तपासणी व्हायला हवी. तपासणीअंती असे दिसते की ग्रह बर्फाळ असणे आणि तो तापलेला असणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्यांवरून आपल्या डोळ्यांपुढे येणारे तापलेल्या हिमप्रदेशाचे दृश्य मात्र खरे असू शकत नाही.

शून्य अंशाच्या नियमामागची अट

बर्फ शून्य अंश सेल्सिअसला वितळतो आणि पाणी शंभर अंशांना उकळते, हे आपण शाळेत शिकतो. या दोन्ही वाक्यांत एक अट गृहीत धरलेली असते. भोवतालचा दाब समुद्रसपाटीवरच्या हवेइतका असायला हवा. अट बदलली की आकडे बदलतात. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडली की आतला दाब बाहेरच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत द्रवच राहते. म्हणून तर डाळ लवकर शिजते. पाण्याची वाफ व्हायची तर रेणूंना पसरायला भरपूर जागा लागते आणि वाढता दाब नेमकी तीच जागा नाकारतो. यातून एक सर्वसाधारण तत्त्व हाती येते. दाब वाढेल तशी, कमी जागेत मावणारी अवस्था अधिक टिकाऊ ठरते. पुढचा सगळा उलगडा या एका तत्त्वातून होतो.

आता हेच तत्त्व बर्फाला लावले तर सुरुवातीला उलटाच परिणाम दिसतो. आपल्या ओळखीचा बर्फ पाण्यावर तरंगतो, कारण तो पाण्यापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यातला प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना बांधलेला असतो आणि या रचनेत मध्ये बरीच पोकळी राहते. त्यामुळे दाब वाढवला की हा बर्फ आणखी लवकर वितळू लागतो. हवेच्या दाबाच्या सुमारे दोन हजार पटींवर त्याचा वितळणबिंदू उणे २२ अंशांपर्यंत खाली येतो. पण त्यापुढे चित्र पालटते. पोकळीची रचना कोसळते आणि रेणू नव्या, अधिक दाट रचनांमध्ये बसतात. गुस्ताव टामान या शास्त्रज्ञाने १९०० साली अशा दाट बर्फाचे पहिले प्रकार शोधले. हार्वर्ड विद्यापीठातल्या पर्सी ब्रिजमन यांनी स्वतः तयार केलेल्या दाबयंत्रांनी ही यादी वाढवली आणि १९३७ साली ‘बर्फ-७’ हा प्रकार नोंदवला. उच्च दाबाखालच्या पदार्थांवरील संशोधनासाठी ब्रिजमन यांना १९४६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

‘बर्फ-७’ हा आपल्या कोड्याचा मध्यबिंदू आहे. त्यात रेणूंच्या दोन जाळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे तो साध्या पाण्याच्या दीडपटीहून अधिक दाट असतो. हवेच्या दाबाच्या सुमारे २२,००० पट दाब असेल तर तो ८२ अंशांपर्यंत घन राहतो. दाब दोन लाख पटींवर नेला तर सुमारे ४४० अंशांनाही तो वितळत नाही. या तापमानाला शिसेसुद्धा आपल्याकडे वितळलेले असते. म्हणजे गरम बर्फ ही कल्पनारम्य गोष्ट नाही. प्रयोगशाळेत त्याचे मोजमाप अनेकदा झालेले आहे. निसर्गातही त्याचा पुरावा आहे. पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल तयार झालेल्या काही हिऱ्यांमध्ये ‘बर्फ-७’चे सूक्ष्म कण सापडल्याचे २०१८ साली जाहीर झाले. खोलवर अडकलेले पाणी हिऱ्याच्या कठीण आवरणामुळे प्रचंड दाबाखालीच राहिले आणि हिरा वर येऊन थंड होताना त्याचा बर्फ झाला. तो बर्फ आपल्या खोलीच्या तापमानालाही घन आहे.

एवढा दाब कुठून येणार?

दाब हा अखेर वरच्या थराच्या वजनाचा परिणाम असतो. पृथ्वीवरच्या सर्वांत खोल सागरी गर्तेत, मारियाना गर्तेच्या तळाशी, साधारण ११ किलोमीटर पाण्याच्या वजनाने दाब हवेच्या अकराशे पटींच्या आसपास जातो. ‘बर्फ-७’साठी तो अजून वीसपट कमी आहे. पृथ्वीइतकेच गुरुत्व असलेल्या ग्रहावर २२,००० पट दाब हवा असेल तर समुद्र सुमारे २०० किलोमीटर खोल लागेल. आपल्या महासागरांची सरासरी खोली पावणेचार किलोमीटरसुद्धा भरत नाही आणि त्यांचे वस्तुमान पृथ्वीच्या एक हजारांशाहूनही कमी आहे. त्यामुळे पृथ्वीसारख्या कोरड्या ग्रहावर हा बर्फ समुद्रतळाशी तयार होणे शक्य नाही. त्यासाठी असा ग्रह हवा, ज्याच्या वस्तुमानात पाण्याचा वाटा दहा, वीस, चाळीस टक्के आहे.

असे जलसंपन्न पिंड विश्वात दुर्मीळ असण्याचे कारण नाही. हायड्रोजन आणि हेलियम यांच्यानंतर विश्वात सर्वाधिक आढळणारे मूलद्रव्य ऑक्सिजन आहे, त्यामुळे पाणी हे विपुल संयुग आहे. प्रश्न एवढाच की ते घनरूपात कुठे मिळेल. नवजात ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची चकती फिरत असते आणि तीतून ग्रह घडतात. ताऱ्याजवळच्या भागात पाणी वाफेच्या रूपात असते, ते धुळीच्या गोळ्यांत सामील होत नाही. ठरावीक अंतरापलीकडे तापमान उणे १०० अंशांच्या खाली जाते आणि वाफेचे हिमकण होतात. या सीमेला हिमरेषा म्हणतात. आपल्या सूर्यमालेत ती सूर्यापासून साधारण ४० कोटी किलोमीटरवर, म्हणजे मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान, होती. तिच्या पलीकडे घडलेल्या पिंडांना घडणीच्या साहित्यातच भरपूर बर्फ मिळाला. गुरूचा गॅनिमीड हा उपग्रह वस्तुमानाने जवळजवळ निम्मा पाण्याचा आहे. पृथ्वी हिमरेषेच्या आत घडली, म्हणून ती बहुतांशी खडक आणि लोखंडाची झाली.

जन्म थंडीत, वास्तव्य उष्णतेत

इथे पहिला आक्षेप उभा राहतो. बर्फाळ ग्रह थंड प्रदेशातच जन्मतो हे मान्य. मग तो ताऱ्याजवळ तापलेला कसा सापडेल? याचे उत्तर ग्रहांच्या स्थलांतरात आहे. चकतीत घडणारा ग्रह आपल्या गुरुत्वाने भोवतालच्या वायूत सर्पिल लाटा उठवतो आणि त्या लाटा उलट ग्रहावर ओढ लावतात. या देवाणघेवाणीत ग्रहाची कक्षा हळूहळू आत सरकू शकते. पीटर गोल्डराइक आणि स्कॉट ट्रेमेन यांनी हे गणित १९८० च्या सुमारास मांडले, तेव्हा सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा एकही ग्रह ठाऊक नव्हता. १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांना ५१ पेगासी या ताऱ्याभोवती अवघ्या सव्वाचार दिवसांत फेरी मारणारा गुरूसारखा महाकाय ग्रह सापडला आणि स्थलांतराच्या कल्पनेला एकदम महत्त्व आले. या शोधाला २०१९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. महाकाय ग्रह आत येऊ शकतात, तर मधल्या आकाराचे बर्फाळ ग्रहही येऊ शकतात. मार्क कुश्नर यांनी २००३ साली आणि अलाँ लेजे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली अशा जलसंपन्न ग्रहांचे सविस्तर चित्र मांडले.

त्याच २००४ साली सिंह तारकासमूहातल्या एका लहान तांबड्या ताऱ्याभोवती ग्लीझे ४३६ बी हा ग्रह सापडला. तो आपल्यापासून सुमारे ३२ प्रकाशवर्षे दूर आहे आणि २.६४ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. २००७ साली तो ताऱ्यासमोरून जाताना दिसला, त्यामुळे त्याचा आकार मोजता आला. वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे २२ पट, व्यास चौपटीहून थोडा अधिक. म्हणजे जवळजवळ नेपच्यूनएवढा, पण तापमान ४०० अंशांच्या वर. या आकड्यांवरून निघणारी घनता पाण्याच्या मोठ्या साठ्याशी जुळत असल्याने ‘जळत्या बर्फाचा ग्रह’ अशा बातम्या जगभर झळकल्या. खेळातल्या नोंदीला प्रत्यक्षातला इतका जवळचा जोडीदार सापडणे ही लक्षणीय गोष्ट आहे.

मग सगळे पाणी उडून कसे जात नाही?

दुसरा आक्षेप अधिक थेट आहे. सूर्याजवळ आलेला धूमकेतू आपला बर्फ वाफेच्या रूपात गमावतो, मग ग्रह का गमावत नाही? फरक गुरुत्वाचा आहे. काही किलोमीटर व्यासाच्या धूमकेतूचे गुरुत्व इतके क्षीण असते की सुटलेला रेणू परत येत नाही. पृथ्वीच्या वीसपट वस्तुमानाच्या ग्रहावरून सुटायला रेणूला सेकंदाला पंचवीस किलोमीटरच्या आसपास वेग लागतो आणि ४००–५०० अंशांना पाण्याच्या रेणूंचा सरासरी वेग एका किलोमीटरच्या आसपासच असतो. त्यामुळे पाण्याची वाफ होते, पण ती ग्रहालाच वेढून वातावरण बनते. काही गळती होते हे खरे. ग्लीझे ४३६ बीमागे हायड्रोजनचा प्रचंड मेघ शेपटीसारखा पसरलेला हबल दुर्बिणीने टिपला आणि २०१५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. पण ग्रहाच्या एकूण वस्तुमानाच्या तुलनेत ही गळती इतकी कमी आहे की अब्जावधी वर्षांतही ग्रह रिकामा होणार नाही.

वाफेचे हे वातावरण आणखी एक काम करते. पाण्याची वाफ उष्णता अडवणारा प्रभावी वायू आहे. वातावरण जाड झाले की तापमान ताऱ्यापासूनच्या अंतरावरून काढलेल्या अंदाजाच्या पुष्कळ वर जाते. शुक्र याचे जवळचे उदाहरण आहे. तिथे हे काम मुख्यतः कार्बन डायऑक्साइड करतो आणि पृष्ठभाग सुमारे ४६४ अंशांवर असतो. सूर्याच्या अधिक जवळ असलेल्या बुधाच्या दिवसापेक्षाही शुक्र अधिक तापलेला आहे. म्हणून खेळातला एखादा बर्फाळ ग्रह ताऱ्यापासून दूर असूनही गरम दाखवला असेल, तर जाड वातावरण हे त्याचे समर्थनीय कारण ठरते.

जमीन नसलेला ग्रह

आतापर्यंतचा युक्तिवाद खेळाच्या बाजूने गेला. आता त्याची दुसरी बाजू. शुक्राच्या पृष्ठभागावर हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे ९० पट आहे. ४४० अंशांना बर्फ घन राहायला दोन लाख पट दाब लागतो, म्हणजे शुक्राच्याही दोन हजार पटींहून अधिक. त्यामुळे एखाद्या ग्रहाचे तापमान ४४० अंश आणि पृष्ठभागावरचा दाब काही शे किंवा काही हजार पट असेल, तर तिथे पायाखाली घन बर्फ असणे अशक्य आहे. हा निकष सोपा आणि निर्णायक आहे. तापमानासोबत दाबाचा आकडा पाहावा, निकाल तिथेच लागतो.

अशा ग्रहावर नेमके काय असेल? पाण्याच्या बाबतीत ३७४ अंश आणि हवेच्या २१८ पट दाब या जोडीला क्रांतिक बिंदू म्हणतात. तापमान आणि दाब दोन्ही त्याच्या वर गेले की द्रव आणि वाफ हा भेदच उरत नाही. वाफ खाली खाली दाट होत जाते आणि कुठेही लाटा, किनारा किंवा पाण्याची पातळी न लागता ती द्रवाइतकी घट्ट होते. वरून खाली जाणाऱ्या यानाला उतरायला जागाच मिळणार नाही. ‘एलिट डेंजरस’मध्येही यान फक्त हवा नसलेल्या किंवा अगदी विरळ हवेच्या ग्रहांवर उतरू शकते. जाड वातावरणाचे तापलेले बर्फाळ ग्रह दुरूनच पाहावे लागतात. त्यामुळे खेळ त्या ग्रहाबद्दल प्रत्यक्षात एवढेच सांगतो की तो कशाचा बनला आहे. ग्रहशास्त्रातही हीच पद्धत आहे. युरेनस आणि नेपच्यून यांना बर्फाळ महाकाय ग्रह म्हणतात, कारण त्यांच्या घडणीत पाणी, अमोनिया आणि मिथेन यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या अंतरंगात तापमान हजारो अंशांवर जाते. खेळातले वर्गीकरण याच रीतीने वाचले तर त्यात विसंगती राहत नाही.

या खोल अंतरंगात मात्र बर्फाचे एक अजब रूप खरोखर असू शकते. दाब लाखो पटींवर आणि तापमान दोन-तीन हजार अंशांवर गेले की पाण्याचे रेणू अखंड राहत नाहीत. ऑक्सिजनचे अणू घन जाळीत जागच्या जागी राहतात आणि हायड्रोजनचे विद्युतभारित कण त्या जाळीतून द्रवासारखे वाहू लागतात. याला सुपरआयनिक बर्फ म्हणतात. त्याचे भाकीत १९८८ साली संगणकीय गणिताने झाले. अमेरिकेत शक्तिशाली लेझरच्या आघातांनी पाणी दाबून केलेल्या प्रयोगांत २०१८ आणि २०१९ साली त्याचे पुरावे मिळाले. युरेनस आणि नेपच्यून यांची चुंबकीय क्षेत्रे इतकी कललेली आणि मध्यापासून सरकलेली का आहेत, याच्या स्पष्टीकरणात हा बर्फ महत्त्वाचा ठरू शकतो. ग्लीझे ४३६ बीच्या अंतरंगाची गणितेही सुचवतात की तिथली उष्णता ‘बर्फ-७’ला झेपण्याच्या पलीकडे असेल आणि पाणी सुपरआयनिक किंवा त्याहून विस्कटलेल्या स्थितीत असेल. म्हणजे बातम्यांनी रंगवलेला बर्फही तिथे बहुधा त्या रूपात नाही.

एकाच आकड्याची मर्यादा

कोणी म्हणेल, बुधावर तर साधा बर्फ आहे आणि तिथे दिवसाचे तापमान ४३० अंशांपर्यंत जाते. मग साध्या बर्फाची शक्यता कशी नाकारता? उदाहरण खरे आहे. बुधाच्या ध्रुवांजवळच्या विवरांत ऊन कधीच पोहोचत नाही आणि हवा नसल्याने उष्णताही तिथे वाहून जात नाही. १९९१ साली रडारने तिथे बर्फाचे संकेत दिले आणि २०१२ साली मेसेंजर यानाच्या मोजमापांनी ते पक्के झाले. आपल्या चंद्राच्या ध्रुवीय विवरांतला बर्फही याच कारणाने टिकला आहे. त्याचा थेट पुरावा २०१८ साली चांद्रयान-१ वरील उपकरणाच्या नोंदींतून मिळाला. पण या उदाहरणांतला बर्फ सावलीच्या कोपऱ्यांत साठलेला, ग्रहाच्या मानाने नगण्य आहे. त्याने बुध बर्फाळ ग्रह होत नाही. आणि जाड वातावरण असेल तर वारे उष्णता सगळीकडे पोहोचवतात, त्यामुळे असे थंड कोपरे उरतच नाहीत. एकाच ग्रहाला एकच तापमान देणाऱ्या नोंदीत हा फरक लपतो, हे मात्र लक्षात ठेवायला हवे.

पुरावा किती भक्कम?

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो खेळावर नसून खगोलशास्त्रावर आहे. ग्रहाचे वस्तुमान आणि व्यास कळले की सरासरी घनता मिळते, पण तीच घनता दोन प्रकारे साधता येते. एक, मोठा पाण्याचा साठा. दोन, खडकाळ गाभा आणि त्याभोवती हायड्रोजनचे हलके, फुगीर आवरण. ग्लीझे ४३६ बीच्या बाबतीत हा पेच कायम आहे, म्हणून त्याला निःशंकपणे जलग्रह म्हणणे घाईचे ठरते. पेच सोडवायचा मार्ग वातावरणातून जातो. ताऱ्याचा प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून गाळून येतो तेव्हा कोणते रंग शोषले गेले, यावरून तिथले रेणू ओळखता येतात. मीन तारकासमूहातला जीजे ९८२७ डी हा ग्रह पृथ्वीच्या जवळजवळ दुप्पट व्यासाचा आणि ३०० अंशांहून अधिक तापलेला आहे. जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून २०२४ साली असे दिसून आले की त्याचे वातावरण हलक्या हायड्रोजनने व्यापलेले नसून त्यात पाण्याच्या वाफेचा वाटा फार मोठा आहे. तापलेला आणि तरीही पाण्याने समृद्ध असा ग्रह असू शकतो, या अनुमानाला मिळालेला हा आजवरच्या ठळक पुराव्यांपैकी एक आहे. अशी मोजमापे जितक्या ग्रहांची होतील, तितके स्पष्ट होत जाईल की हिमरेषेपलीकडून आत आलेले जलग्रह आकाशगंगेत अपवाद आहेत की नेहमीचे रहिवासी. तोवर कोणत्याही गरम बर्फाळ ग्रहाविषयी बोलताना घटक, दाब आणि तापमान हे तिन्ही आकडे एकत्र मागणे, हीच शास्त्रीय शिस्त आहे.

चौकट : थोडक्यात

- बर्फाचा वितळणबिंदू दाबावर अवलंबून असतो. सुमारे २२,००० पट दाबाला ‘बर्फ-७’ ८२ अंशांपर्यंत, तर दोन लाख पट दाबाला सुमारे ४४० अंशांपर्यंत घन राहतो.
- बर्फाळ ग्रह हिमरेषेपलीकडे घडतात आणि चकतीतल्या वायूच्या ओढीने ताऱ्याजवळ येऊ शकतात.
- मोठ्या ग्रहाचे गुरुत्व वाफ धरून ठेवते, त्यामुळे तापलेला ग्रहही पाण्याने समृद्ध राहू शकतो.
- ३७४ अंश आणि २१८ पट दाबाच्या वर पाण्याला पृष्ठभाग उरत नाही. तापलेल्या जलग्रहावर उतरायला बर्फाची जमीन मिळणार नाही.
- ‘बर्फाळ’ हे वर्गीकरण ग्रह कशाचा बनला आहे ते सांगते. पाणी कोणत्या अवस्थेत आहे ते दाब आणि तापमान मिळून ठरवतात.